स्मरणार्थ एक खाट

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला कुठे बसवायचं हा मोठाच प्रश्न असायचा. खुर्च्या नव्हत्या असं नाही. खुर्च्या अकरा होत्या. पण त्यांतल्या आठांना मधोमध भोक होतं, दोन चाकांच्या होत्या आणि उरलेली एक बाबांची होती. चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस बोलता बोलता पडवीच्या उतारावरून गल्लीकडे सरकू लागायचा, आणि त्याचं बोलणं न तोडता त्याला मागे ओढून आणायचं काम माझ्याकडे होतं. शहाणी माणसं सरळ फरशीवर मांडी घालत. एकदा आमच्या शाळेच्या मोठ्या बाई माझ्या हस्ताक्षराचं कौतुक करायला मुद्दाम घरी आल्या, आणि मी आत जाऊन आईला सांगेपर्यंत भोकाच्या खुर्चीत बसल्यासुद्धा. वर झाकण होतं, तेवढी देवानं लाज राखली. अर्धा तास बसल्या, चहा प्यायल्या, आणि उठताना म्हणाल्या, "खुर्ची छान आहे हो, पाठीला आराम पडला." त्यानंतर दहावी होईपर्यंत मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

ही सगळी बाबांची करणी. पेणच्या बाजारात त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान, आणि मागच्या गल्लीत आमचं घर. माझे आजोबा शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते. त्यांच्यासाठी बाबांनी एक लोखंडी खाट आणली होती; पायथ्याचं हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर उचलली जायची. आजोबा गेल्यावर खाट विकून टाकायची असं ठरत होतं, तेवढ्यात पलीकडच्या आळीत कुणाचं तरी कंबरडं मोडलं आणि खाट चार महिन्यांसाठी तिकडे गेली. परत आली ती एकटी आली नाही, सोबत एक वॉकर घेऊन आली. "आता आमच्या काय कामाचा? तुमच्याकडेच राहू दे, कुणाला तरी लागेल." मग कुणी कुबड्या आणून दिल्या, कुणाची मोडकी चाकाची खुर्ची बाबांनी सायकलचे आरे घालून चालती केली, आणि असं होता होता आमची पडवी भरून गेली. या संस्थेला नाव नव्हतं, पाटी नव्हती, अध्यक्ष नव्हता. लोक म्हणत, "खाटवाल्यांकडे जा." भाडं नाही, डिपॉझिट नाही. अट एकच: वस्तू परत करताना गरम पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून, स्वतः आणून द्यायची आणि चहा प्यायल्याशिवाय जायचं नाही. चहा पिताना माणूस आपसूक सांगायचा, पुढे काय झालं ते. आईला मात्र सांगावं लागत नसे. दाराशी कुबड्या कशा टेकवल्या यावरून ती ओळखायची. "आपटून ठेवल्या म्हणजे माणूस बरा झाला," ती म्हणायची. "अलगद ठेवल्या की मी साखर जास्त घालते."

आणि गाव असं, की कुणाकडे काही मागावं लागलंच नाही. गणपतीचा हंगाम संपला की कारखान्यांतून काथ्या आणि स्वच्छ रिकामी पोती येत, गाद्यांखाली घालायला. भात झोडून झालं की खेड्यांवरची माणसं बाजाराला येताना पिशवीत तांदूळ नाहीतर वाल आणून ठेवत. ज्या घरचा कमावता माणूस पडलाय त्या घरी ते खाटेबरोबर जायचे. जुनी मऊ लुगडी यायची. मागच्या आळीतल्या हमीदाबींचा मुलगा कुवेतला होता, त्यानं हवा भरायची गादी पाठवली, पायानं दाबायच्या पंपासकट. हमीदाबी ती डोक्यावर घेऊन आल्या, आणि मी उत्साहानं रंगाचा डबा उघडतेय असं बघून म्हणाल्या, "नाव-बिव काय लिहू नको गो त्यावर. दिलेलं सांगत सुटलं की निम्मं होतं."

माझ्या लहानपणाचे आवाज विचाराल तर असे: दुकानात चाकाचे आरे पिळताना टिंग टिंग, अंगणात आई आणि गल्लीतल्या बायका पोह्याच्या पापडाचं पीठ कुटताहेत त्याचा धप् धप्, आणि मागच्या परसात मोठ्या पातेल्यात आजाऱ्यांची भांडी उकळताहेत त्यांचा खुळखुळाट. पापडाचं पातेलं वेगळं आणि हे पातेलं वेगळं, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आमच्याकडचे पापड खाल्लेली बरीच माणसं अजून हयात आहेत. त्या पिठाच्या कच्च्या लाट्या तेलात बुडवून खाणं हा माझा मुख्य उद्योग. वॉकर न्यायला आलेल्या माणसाच्या हातावरही आई एक लाटी ठेवायची. घरी आजारी माणूस ठेवून आलेला तो बापडा, पिठाची गोळी तोंडात टाकून क्षणभर लहान पोरासारखा दिसायचा.

संस्थेत माझं पद कलाकाराचं होतं. सायकलींच्या मडगार्डवर नावं टाकून टाकून माझं अक्षर तयार झालं होतं, आणि दुकानातला उरलेला ऑइलपेंट फुकट होता. त्यामुळे ज्यानं काही दिलं त्याचं नाव मी त्या वस्तूवर रंगवायची. 'अमुक यांजकडून सप्रेम भेट.' अक्षरांना सावली द्यायची, दोन्ही बाजूंना गुलाब काढायची. ते गुलाब कोबीसारखे दिसत, असं माझ्या मुलीचं म्हणणं आहे. एक वॉकर अजून शिल्लक आहे, त्यावरून तिनं हे मत बनवलं. आणि कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, मी 'अक्षर: वंदना' असंही लिहीत असे. दान लोकांचं, सही माझी. आज कुणी वह्या वाटतानाचे फोटो मोबाइलवर टाकले की मी नाक मुरडते, तेव्हा ही मुंगीएवढी अक्षरं मला आठवतात आणि मी नाक सरळ करते.

शांतारामभाऊ रोह्याचे. तिथे त्यांची पिठाची गिरणी होती, आणि आईचं माहेर त्या गिरणीच्या शेजारी, म्हणून घरोबा. त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, लकवा झाला तेव्हा आमची सगळ्यात जुनी खाट सात महिने त्यांच्याकडे होती. ती परत द्यायला भाऊ स्वतः टेम्पोत बसून आले. खाट त्यांनी इतकी अलगद ठेवली, की आईनं घातलेल्या साखरेनं तो चहा त्यांना पिववला नाही. काही महिन्यांनी परत आले ते नवी कोरी खाट घेऊन. पांढरीशुभ्र, डोक्याची आणि पायांची अशा दोन्ही बाजू उचलणारी, चाकांना ब्रेक असलेली. तसली खाट तेव्हा पेणमध्ये दवाखान्यातसुद्धा आम्ही पाहिली नव्हती. भाऊंनी माझ्याकडे बघून हात जोडले. "पोरी, तुझं अक्षर चांगलं आहे. डोक्याकडच्या पट्टीवर तिचं नाव घाल."

मी जीव ओतला. लाल रंग, काळी सावली, चार गुलाब. 'कै. सौ. सुमन शांताराम यांच्या स्मरणार्थ'. पट्टीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. भाऊंनी ते नाव वाचलं, बोट न लावता हवेत अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि स्टेशनवर गेले.

त्यानंतर ती खाट कुणी नेईचना. आधी आमच्या लक्षात आलं नाही. येणारा माणूस नवी खाट बघायचा, हँडल फिरवून वाहवा करायचा, डोक्याकडे जायचा, आणि म्हणायचा, "मोठी हाय ओ, दारातना जायाची नाय." किंवा, "आमची जमीन खालीवर हाय, ती जुनीच द्या." गंजलेल्या दोन जुन्या खाटांसाठी माणसं थांबून राहायची आणि नवी नवरीसारखी पडवीत उभी. तिच्यावर मांजर झोपायचं, आणि मी दहावीचा अभ्यास करायची. डोकं उंच, पाय उंच, पोटावर भूगोल. रोह्याहून भाऊ निरोप धाडायचे, "सुमनची खाट वापरात आहे ना?" बाबांना खोटं बोलता येत नसे, ते आईकडे बघत, आणि आई सांगे, "आहे की. रोज वापरात आहे."

शेवटी कारण सांगितलं हमीदाबींनी. कुवेतच्या गादीचा पंप बिघडलाय असं ऐकून बघायला आल्या होत्या, माझं रंगकाम बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगो, गेलेल्या बाईचं नाव उशाशी लिहून तिथं जिवंत माणूस निजवतेस? कोण निजेल?" मग आम्हाला सगळ्यांना एकदम दिसलं. देवळातला पंखा, शाळेतलं पाण्याचं पिंप, स्मशानातलं बाकडं, सगळीकडे कै. अमुक यांच्या स्मरणार्थ असतं आणि कुणाला काही वाटत नाही. पण पंख्याखाली माणूस दहा मिनिटं बसतो. खाटेवर तो रात्रभर पडून असतो, आणि बरं व्हायचं की नाही हे त्याचं अजून ठरायचं असतं.

बाबा म्हणाले, "भाऊंशी बोलायला हवं." पण बोलायचं कसं? ज्यानं बायकोचं नाव हवेतल्या बोटानं तसं कुरवाळलं त्याला काय सांगायचं, की तुझ्या बायकोला लोक भितात? आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता थंडी पडली.

त्या थंडीत जित्याकडच्या एका खेड्यातला नामदेव आला. शेतकरी माणूस, भात आणि वाल पिकवणारा. त्याची आई हिराबाय वालाच्या शेतात बांधावरून घसरली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी तीन महिने खाटेवर ठेवायला सांगितलं होतं, जमिनीवर अजिबात नाही. आमच्या दोन्ही जुन्या खाटा लोकांकडे होत्या. नामदेव नवी घेऊन गेला, आणि तिसऱ्या दिवशी टेम्पोत घालून परत आला.

"आय निजत नाय," तो म्हणाला. त्याला आमच्याकडे बघवत नव्हतं. "नातीनं नाव वाचून दावला. म्हनते, ही दुसऱ्या बाईची जागा हाय. खाली चटई टाकून निजलीय. उठवायला गेलो का बोंब मारते. खाटेला काय खोट नाय ओ, खाट सोन्यावानी हाय."

"पाठ बघितलीस का तिची?" आईनं विचारलं.

"कमरंवर लाल चट्टा आलाय. पानी सुटलंय."

आईनं हातातली लाटी खाली ठेवली. आजोबांच्या पाठीच्या जखमा तिनं दोन वर्षं धुतल्या होत्या. चट्ट्याचं पुढे काय होतं हे तिला माहीत होतं. "नाव पुसा," ती बाबांना म्हणाली.

बाबा लगेच शेजारच्या दुकानात गेले आणि रोह्याला फोन लावला. भाऊ मुलीकडे नाशकात गेले होते, आठवड्यानं येणार. बाबा परत आले आणि खुर्चीत बसून राहिले. "त्यांना न विचारता नाही पुसायचं. विश्वासानं दिलंय माणसानं. आपण सांभाळणारे आहोत, मालक नाही."

"मग आठवडाभर ती बाई जमिनीवर?"

"मी जुनी खाट मिळतेय का बघतो."

"कुणाच्या खालची काढणार?"

माझे बाबा वाईट नव्हते, हे मी आता त्यांच्या वयाजवळ पोचल्यावर जास्त ठामपणे सांगू शकते. लोक आपल्यापाशी काहीतरी ठेवून जातात, तेव्हा वस्तूपेक्षा त्यांचा शब्द जड असतो. पण तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आणि मला एवढंच दिसत होतं, की एक म्हातारी माझ्या अक्षरांना घाबरून जमिनीवर पडली आहे. माझ्या अक्षरांबद्दल लोक काय काय म्हणाले होते, पण असं कुणी म्हणालं नव्हतं.

दुपारी बाबा सामान आणायला वडखळला गेले. मी दुकानातून पांढऱ्या रंगाचा डबा आणला. तळाशी जेमतेम पेरभर रंग होता. पट्टीवर ब्रश फिरवला तेव्हा पहिल्यांदा गुलाब गेले, त्यांचं मला, खरं सांगते, अजून थोडं वाईट वाटतं. मग अक्षरं. कोपऱ्यातली मुंगीसुद्धा गेली. आई दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "डबा झाकून ठेव, वाळतो," आणि नामदेवला बोलवायला माणूस धाडला. पण डबा झाकण्याची गरज नव्हती. एका हातातच रंग संपला होता.

संध्याकाळी मी खाटेबरोबर टेम्पोतून गेले. हिराबायनं चटईवरूनच नातीला पट्टीशी धाडलं, "नीट बघ. काय लिवलाय?" नात म्हणाली, "काय नाय." मग आम्ही चौघांनी तिला उचलून वर ठेवलं. ती डोळे मिटून पडली. थोड्या वेळानं एक डोळा उघडून म्हणाली, "ते हँडल फिरव जरा. मना गल्ली दिसाय पायजेल."

घरी बाबा पडवीत उभे होते, जिथे खाट असायची तिथे. त्यांनी मला मारलं नाही, आवाजही चढवला नाही. "केलंस तू," ते म्हणाले. "भाऊंना सांगशीलही तूच." आणि पुढचे दहा दिवस माझ्याशी जेवणापुरतं बोलले.

मी रोह्याला जाऊन सांगायच्या आतच भाऊ आले. सुमनकाकूंचं वर्षश्राद्ध आदल्या दिवशी झालं होतं. इस्त्रीचं धोतर, हातात कापडी पिशवी. "म्हटलं खाट बघून यावं," ते म्हणाले. बाबा म्हणाले, "खाट जित्याला गेलीय, भाऊ. हिराबाय म्हणून आहेत." भाऊंचा चेहरा उजळला. "चला की मग, तिथंच जाऊ." आईनं त्यांना जेवूखाऊ घालून जमेल तेवढा वेळ काढला. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, तळलेले पापड. मी एवढ्या सावकाश आयुष्यात परत कधी जेवले नाही. पण गाडीची वेळ झालीच, आणि बाबा म्हणाले, "वंदू नेईल तुम्हाला."

दुपारच्या पॅसेंजरमध्ये जागा भरपूर होती. पेण ते जिते अंतर केवढं, मधे एक स्टेशन. तेवढ्यात मी तीनदा सांगायचा प्रयत्न केला.

"भाऊ, एक सांगायचं होतं."

"सांग की गो."

"जित्याला गाडी एकच मिनिट थांबते."

भाऊ म्हणाले, बरं. दुसऱ्यांदा मी म्हणाले, "भाऊ, तो रंग..." आणि ते लगेच म्हणाले, "हो, रंग छानच लावलायस. सोयऱ्याधायऱ्यांत सगळ्यांना सांगितलं मी." मग खिडकीतून बाहेर बघत, माझ्याशी नव्हे, असंच बोलल्यासारखं, "गिरणीच्या पाटीवर माझं नाव. घराच्या दारावर माझ्या बापाचं. सुमनचं नाव रेशनकार्डावर होतं, तेवढंच. ते पण कमी केलं आता. तू लिहिलंस तिथंच काय ते आहे." पिशवी त्यांनी मांडीवर नीट धरली. आत केळीच्या पानात गुंडाळलेला शेवंतीचा हार होता. तो ते पट्टीला घालणार होते. तिसऱ्यांदा माझं तोंड उघडलं ते मिटलंच नाही, पण त्यातून काही बाहेरही आलं नाही, आणि हमरापूर मागे पडलं.

स्टेशनपासून खेड्यापर्यंत वालाच्या शेतातून पायवाट. मी पुढे, भाऊ मागे. हिराबाय ओटीवरच होती. खाटेची डोक्याकडची बाजू उंच केलेली, मांडीवर परात, परातीत मोड आलेले भिजवलेले वाल, आणि ती भराभर साली काढत होती. मला बघितलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आली गो माझी रंगारीन!"

मी मेले.

"हे कोन? वडील तुजं? बसा ओ, बसा." भाऊ बसले नाहीत. ते पट्टीकडे बघत होते. हिराबायला वाटलं खाटेचं कौतुक चाललंय. "काय सांगू तुमाला, ह्या खाटंवर नाव होता. मेलेल्या बाईचा. मी काय निजले नाय. म्हनला, मी जमिनीवर सडन, पन दुसरीच्या जागंवर निजायची नाय. मंग ह्या पोरीनं पुसला. देव तिचा भला करो. पाठ भरून आली माजी."

आत कुणीतरी भांडं ठेवलं त्याचा आवाज आला. हिराबायचे हात चालूच होते, मग तिनं भाऊंच्या तोंडाकडे बघितलं आणि हळूहळू ते थांबले.

"पिशवीत काय हाय?" तिनं विचारलं.

"हार."

"कोनाला?"

भाऊंनी पिशवीचं तोंड मुठीत आवळलं. हिराबायनं माझ्याकडे बघितलं, आणि माझं तोंड बघून तिला सगळं कळलं. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "तुमची व्हती ती," ती म्हणाली. "मी काय बोलून बसले."

"तुम्हाला काय माहीत," भाऊ म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता.

"मरायचा भ्या नाय मना, भाऊ. माजी साठी कवाच गेली. पन तिची जागा तिच्या मानसानं दिलेली. तिथं मी कशी पाय पसरू? उंद्या वर गेले तर इचारल ती." मग तिनं विचारलं, "काय नाव तिचा?"

दहा-बारा दिवसांपूर्वी हेच नाव नातीनं वाचून दाखवलं होतं म्हणून ती खाटेवरून उतरली होती. भाऊंनी सांगितलं, "सुमन."

"काय झालता?"

मग भाऊ ओटीच्या कडेला बसले आणि सांगू लागले. लकव्यापासून नाही, फार मागून, लग्नाच्या आधीपासून. ती गिरणीच्या आवाजात इतकी वर्षं राहिली की घरातही ओरडून बोलायची, आणि लकव्यानंतर एकदम घर गप्प झालं ते. हिराबायनं मधेच परात त्यांच्याकडे सरकवली. "हात रिकामे ठेवू नका, सोला." आणि भाऊ वाल सोलू लागले. "तिला हे सोलायचा भारी कंटाळा," ते म्हणाले. "सालं माझ्याकडे, बिरडं तिच्याकडे." त्यांना हसू आलं आणि त्यांनी ते धोतराच्या सोग्यानं पुसलं. मी खांबाला टेकून उभी होते. मला कुणी परात दिली नाही, आणि मागायची हिंमत माझ्यात नव्हती.

परतीच्या गाडीची वेळ झाली. उठताना भाऊ पट्टीपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला, आणि खाली वाकून अगदी जवळून बघितलं. उतरत्या उन्हात पांढऱ्याखालून सगळं दिसत होतं, फिकट गुलाबी, प्रत्येक अक्षर.

"एकच हात दिलायस," ते मला म्हणाले.

"डबा संपला होता."

"विचारायचं तरी गो."

"तुम्ही नाशकात होतात. आणि..."

"आणि मी नाही म्हटलं असतं," भाऊ म्हणाले. "ते बरोबर आहे."

मी पेणला उतरले तेव्हा पिशवी त्यांच्या मांडीवरच होती. घरी येऊन मी बाबांना एवढंच सांगितलं, की कळलं त्यांना. बाबांनी पहिल्यांदाच माझ्या ताटात स्वतःच्या हातानं भात वाढला. आता आपल्याकडे रोह्याहून निरोप यायचा नाही, असं आम्हा तिघांनाही वाटत होतं.

आता संस्था रीतसर नोंदवलेली आहे, नाव आहे, आणि अध्यक्ष म्हणून मी आहे, म्हणजे काय दर्जा राहिलाय ते समजा. रोह्यातही एक खोली आहे, गिरणीच्या पुढच्या भागातली. कंपन्यांची तरुण मुलं येतात, चांगली असतात बिचारी, आणि विचारतात, "मॅडम, आमचा लोगो कुठे लावायचा?" मी त्यांना चहा देते आणि सांगते, वस्तूवर काही लिहीत नाही आम्ही. "मग लोकांना कळणार कसं कोणी दिलं?" मी म्हणते, घेऊन जाणारा विचारतो. ज्याला विचारावंसं वाटतं, त्याला आम्ही सांगतो. त्यांना हे उत्तर पटतं असं नाही, पण पापड आवडतात.

त्या वेळी, जित्याला जाऊन आल्यावर, भाऊ पुढच्याच रविवारी आले. आधी कळवलं नव्हतं. आमच्याकडे न थांबता थेट दुकानात आले, हातात रोह्याहून आणलेला पांढऱ्या रंगाचा डबा आणि नवा ब्रश. "चल," मला म्हणाले. त्याच गाडीनं, त्याच पायवाटेनं. हिराबायनं विचारलं नाही कशाला आलात. खाटेवरून तिला हलवणं शक्य नव्हतं, म्हणून ती तशीच, आमच्याकडे पाठ करून, वासासाठी नाकाला पदर लावून बसली. मी ब्रशसाठी हात पुढे केला तर भाऊंनी डबा माझ्या हातात दिला आणि ब्रश स्वतः घेतला. खालून दिसणाऱ्या त्या फिकट अक्षरांवर त्यांनी शेवटाकडून सुरुवात केली. 'स्मरणार्थ' गेलं. 'यांच्या' गेलं. त्यांचं स्वतःचं नाव त्यांनी एका फटक्यात घालवलं. मग पुढच्या टोकाला जाऊन 'कै.', मग 'सौ.'. मधे ती तीन अक्षरं राहिली, आणि ब्रश तिथे थांबला. रंगाचा एक थेंब जमिनीवर पडला, मग दुसरा.

"झाला का ओ, भाऊ?" हिराबायनं मागे न बघता विचारलं.

"होतंय," भाऊ म्हणाले, आणि ब्रश परत डब्यात बुडवला.